मध्यंतरानंतर

चमच्याचा दांडा टाचेखाली सरकवला आणि उजवा पाय बुटात ढकलला. नाडी बांधलेल्या बुटात पाय घालायला वेळ लागतो.

"बाबा, नाडी सोडा ना आधी," लेक दारातून म्हणाली. "एखाद्या पुतळ्याला बूट घालणं सोपं, पण तुम्हाला नाही."

"जातोय पाय. तू गाडी काढ."

माझा उजवा गुडघा कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून वाकत नाही. डाव्या पायाचं माझं मी बघतो. उजव्या बुटाची नाडी चौतीस वर्षं बायकोने बांधली. ट्रकच्या वजनकाट्यावर माझी नोकरी होती, बसून करायची, म्हणून तर धरली. रोज सकाळी डबा हातात देण्याआधी ती खाली बसायची, नाडी ओढायची आणि म्हणायची, "कॉलेजने कप ठेवून घेतला आणि पाय माझ्याकडे पाठवला."

शेवटची गाठ आठ महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी तिलाच तपासण्यांसाठी दवाखान्यात न्यायचं होतं. तिला धाप लागली होती. मी नको नको म्हणत होतो.

"गप उभे राहा. चांगली आवळते. तिथे धावपळीत सुटली तर कोण बांधणार?"

ती दवाखान्यातून परत आली नाही. तेव्हापासून ती गाठ मी सोडलेली नव्हती. चमच्याने बूट घालायचो आणि डाव्या पायाने टाच दाबून काढायचो. लेकीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

कॉलेजचं पत्र आलं तेव्हा फाडून टाकणार होतो. बास्केटबॉलमधल्या माझ्या कारकिर्दीचा गौरव करायचा होता म्हणे. कारकीर्द कसली, तीन वर्षं खेळलो. पण बायकोला शब्द दिला होता. ती म्हणायची, "अहो, कधी बोलावलंच त्यांनी, तर त्या तुमच्या सरांना चारचौघांत एवढंच विचारा, मध्यंतरानंतर मला परत का उतरवलंत? आणि काय म्हणतात ते मला येऊन सांगा."

म्हणून गेलो.

कॉलेजच्या नव्या बंदिस्त मैदानात एका टोकाला व्यासपीठ केलं होतं. सर ऐंशीच्या पुढचे, पण पाठ ताठ. मला बघताच त्यांनी माईक ओढून घेतला.

"हा आमचा शिडी! अंतिम सामना होता. मध्यंतराला याचा गुडघा चेंडूएवढा सुजलेला. मी करकचून पट्ट्या बांधल्या आणि म्हटलं, शिडी, जा. आणि हा गेला! एका पायावर खेळला, पण कप आणला. नाहीतर आजची पोरं! शिंक आली तरी आईची चिठ्ठी घेऊन येतात."

लोक हसले. पट्ट्या बांधताना मी काय म्हणालो होतो, ते सरांनी सांगितलं नाही. नंतर दीड महिना मी दवाखान्यात पडून होतो, तिथे ते एकदाही फिरकले नाहीत, हेही नाही.

माईक माझ्याकडे आला.

"सर, एक विचारायचं होतं. आत काहीतरी तुटलंय, असं मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. तरी मध्यंतरानंतर मला परत का उतरवलंत?"

पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीने मान वर केली. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईककडे झुकले.

"कारण तुझ्यासारखा दुसरा होता कोण रे?"

सगळे उठून उभे राहिले. टाळ्या सुरू झाल्या.

"तसं नाही सर, मला..." मी म्हणालो. पण माईक एव्हाना क्रीडाशिक्षिकेच्या हातात गेला होता.

"आणि आता कॉलेजकडून काकांना नवे बूट! हेच घालून ते आपल्याला एक फ्री थ्रो मारून दाखवतील."

खालची लाकडी जमीन नवी होती. बाहेरचे बूट तिथे चालत नव्हते. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माझ्या पायाशी बसली.

"बाई, गाठ सोडू नका. बूट तसाच ओढा."

"काय म्हणालात?" टाळ्या चालूच होत्या. "अहो, लाजता काय काका, माझ्या वडिलांसारखे तुम्ही."

तिने नखाने नाडी उचकटली. आठ महिने टिकलेली गाठ दोन झटक्यांत सुटली.

मग नवे बूट चढवून, नाड्या आवळून मला रेषेवर उभं केलं. माझा चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना लेक म्हणाली, "किती छान बोलले ना सर! आई असायला हवी होती आज."

"हो," मी म्हणालो.

मला घरी सोडून ती तिच्या घरी गेली. मी पलंगावर बसून डाव्या पायाने टाच दाबली. नवा बूट घट्ट होता, निघेना. सत्काराची शाल बाजूला ठेवली आणि नव्या बुटांच्या खोक्यातून जुना उजवा बूट काढला. नाडी दोन्हीकडे लोंबत होती. गाठ होती तेवढ्या जागी मात्र ती अजून मुरडलेली होती. मी बोटाने चाचपून पाहिलं.

"विचारलं गं," मी म्हणालो.

सर काय म्हणाले, ते तिला सांगता येईना. पायातला बूट तसाच ठेवून बसून राहिलो.