उलटं टांगलेलं चित्र

घरात तिला अजून धाकटी म्हणत, आणि धाकटी छप्पन्न वर्षांची होती. सतराव्या वर्षी तिला चित्रकलेच्या शाळेत जायचं होतं, तेव्हा आईने अर्ज टराटरा फाडला होता. "चांगल्या घरच्या मुली तिथे जात नाहीत," एवढंच कारण. नोकरी संपल्यावर ती आईला चोरून तैलरंग शिकू लागली. छप्पन्नाव्या वर्षी आईची भीती!

शिकवणाऱ्या बाईंची तऱ्हाच न्यारी. नकलेसाठी दिलेलं पुस्तकातलं छापील चित्र उलटं टांगायचं, वर कागद लावायचा आणि एका वेळी दोन बोटं रुंद पट्टी उघडायची. "डोक्याने ओळखलं, की ते हाताला शहाणपण शिकवतं," त्या म्हणत. चित्र साठ वर्षांपूर्वीचं, स्टुलावर बसलेल्या विवस्त्र तरुणीचं. तैलरंग शिकणारा जो तो याच चित्रावर हात बसवतो, इतकंच त्यांनी सांगितलं होतं. धाकटीने आठ आठवडे इमानेइतबारे पट्ट्या रंगवल्या. एका पट्टीत छातीखाली तपकिरी तीळ आला, तोही रंगवला.

शेवटची पट्टी संपली. बाईंनी कॅनव्हास सुलटा केला, आणि धाकटीच्या हातातून ब्रश गळून पडला.

तो तीळ तिने त्याच सकाळी साबणाने धुतला होता. आईला रोज आंघोळ तीच घालायची. करंगळी तशीच वाकडी, हनुवटी तीच. विशीतली आई, अंगावर चिंधी नाही! जिने लेकीला कधी कोपराच्या वर बाही शिवू दिली नाही, ती आई!

"जमलंय की गं," बाई खूश होऊन म्हणाल्या.

धाकटी ओला कॅनव्हास घेऊन तडक घरी आली. एकोणचाळीस वर्षांचा राग तोंडाशी आला होता. चित्र आईपुढे धरून ती ओरडली, "मला जाऊ दिलं नाहीस, आणि तू?"

आई पांढरीफटक पडली. तिने आधी दाराकडे पाहिलं, कुणी येत तर नाही ना. मग शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"घरात खायला नव्हतं," ती म्हणाली. "दोन महिने बसले त्या चित्रकारापुढे. तोंड दुसरं काढीन म्हणाला होता. शपथेवर म्हणाला होता गं! तुला कुठे मिळालं हे?"

"पुस्तकात."

"छापलं?" आईने विचारलं. "किती जणांनी बघितलं असेल?"

धाकटीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने चित्र भिंतीकडे फिरवलं आणि आईचा हात धरला.

"कुणी नाही, आई. जुनं फाटकं पुस्तक होतं, एकच उरलं होतं. ते मी घेऊन आले."