पाण्याच्या कॅनला लागलेला वास

मित्रांनो, मी एक जुना पांढरा कॅन आहे. वीस लिटरचा, चौकोनी, रुंद तोंडाचा. माझ्या पोटाला आता पिवळट झाक आली आहे आणि एका कोपऱ्याला ओरखडे पडले आहेत. तुम्ही मला भवानीनगरच्या एखाद्या अंगणात पाहिलंत, तर दुसऱ्यांदा वळूनही पाहणार नाही. पण माझी हकिगत ऐका. ती तुमच्याही घरात घडू शकते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे स्वच्छ दाणे वितळवून, साच्यात हवा फुंकून मला आकार दिला गेला. माझ्या तळाशी पेला आणि काट्याची छोटी खूण उमटवली गेली. ती खूण म्हणजे याच्यात खाण्यापिण्याचं ठेवायला हरकत नाही. मला त्या खुणेचा मोठा अभिमान होता.

तिथून मी बारामतीच्या एका दुकानात आलो. एके दिवशी तिथे बहीण-भाऊ आले. बहीण राजेश्वरी, भवानीनगरच्या शाळेत शिकवणारी. धाकटा भाऊ ऋषिराज, त्याची स्वतःची जुनी जीप. सुट्टी मिळाली की ही मंडळी तंबू, स्टोव्ह आणि राजेश्वरीची मुलगी उत्कर्षा यांना जीपमध्ये घालून कुठेतरी मुक्कामाला जायची. कधी उजनी धरणाच्या काठाला, कधी इंदापूरकडच्या माळावर.

राजेश्वरीने मला उलटं करून तळ पाहिला. झाकण उघडून आत नाक घातलं. झाकणातली रबरी चकती बोटाने दाबून पाहिली. ऋषिराजने मात्र कोपऱ्यातला एक पातळ निळा कॅन उचलला.

"अक्का, ह्यो बघ की. निम्म्यात पडतोय."

"त्यात आदी काय हुतं, ते इचारलंस का?" राजेश्वरी म्हणाली. "आन दाबून बघ. पापडागत हाय."

तरीही भावाचं मन मोडायचं नाही म्हणून तिने दोन्ही घेतले. निळा हातपाय धुवायला, मी प्यायला. डिझेलसाठी लाल पत्र्याचा जाड कॅन घेतला. तो जीपच्या मागे बाहेरच्या बाजूला बांधायचा, आणि मी आत, सावलीला, ओल्या गोणपाटाखाली. "लाल डिझेलचा, पांढरा पाण्याचा," तिने ऋषिराजला बजावलं. "कितीबी नड आली तरी अदलाबदल न्हाय करायची."

मित्रांनो, ती वर्षं माझ्या सुखाची होती. उजनीच्या काठावर पहाटे रोहित पक्षी पाहून थंडीने कुडकुडत आलेल्या माणसांना माझ्या पाण्याचा चहा मिळे. "कॅनातलं पानी हाय, पन कसला वास न्हाय," असं पाहुणे म्हणत, तेव्हा मी फुगून जाई.

मग एक दिवस ऋषिराज एकटाच वालचंदनगरला निघाला होता. मी मागच्या सीटवर होतो. लाल कॅन घरी राहिला होता. गाव दिसायला लागलं आणि जीप गचके खात बंद पडली. डिझेल संपलं होतं. ऋषिराजने मागे पाहिलं. त्याची नजर माझ्यावर थांबली, तसा मी घाबरलो. त्याने माझं पाणी रस्त्याकडेच्या बाभळीला ओतलं आणि एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून मला पंपावर नेलं.

पंपावरच्या माणसानेही विचारलं, "पान्याचा दिसतोय की हो?"

"एवढ्या बारीला भरा. धुतो घरी गेल्यावर."

त्याने खरंच धुतलं. साबणाच्या चुऱ्याने धुतलं, गरम पाण्याने खळबळलं, उन्हात पालथं घातलं. पण आमच्यासारखं प्लास्टिक तेल पिऊन घेतं. वरून कितीही घासा, पोटातला वास पोटातच राहतो. उन्हाने तापलं की तो पुन्हा बाहेर येतो. ऋषिराजने गार वेळेला मला हुंगलं. "गेला वास," असं स्वतःशीच म्हणाला आणि मला जागेवर ठेवलं. बहिणीला सांगायला तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला होता. तिथून परत फिरला.

चैत्रात माळावर जायचं ठरलं. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या पडीक रानात तंबू ठोकायचा, संध्याकाळी चिंकारा हरणं पाहायची. ऋषिराजने मला आणि निळ्याला पाण्याने भरलं. भरताना त्याचा हात माझ्या झाकणावर क्षणभर थांबला. पण आतून उत्कर्षा हाक मारत होती, "मामा, चल की!"

डांबरी रस्ता सोडून जीप माळाच्या वाटेला लागली. वाट म्हणजे नुसते दगड आणि चाकोऱ्या. एका मोठ्या दणक्याला माझ्या शेजारी 'तड' असा आवाज झाला. निळ्याचा सांधा उकलला होता. बिचारा नुसता गळत राहिला. ते सगळ्यांच्या लक्षात आलं तेव्हा जीपच्या तळातून पाणी धुळीत जिरून गेलं होतं. आता माझ्याशिवाय फक्त राजेश्वरीच्या पिशवीतली अर्धी बाटली उरली होती.

"असू दे," राजेश्वरी म्हणाली. "पांढरा भरल्याला हाय."

दुपार तापली होती. आजूबाजूला वाळलेलं गवत आणि एखाद्या काटेरी हिवराच्या झाडाची बुटकी सावली. उत्कर्षाने पेला माझ्या तोंडाला लावला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली.

"आई, पाण्याला जीपचा वास येतोय."

राजेश्वरीने पेला हातातून घेतला. हुंगला. पाण्यावर उजेडात तरंगणारी बारीक रंगीत साय तिला दिसली. तिने भावाकडे पाहिलं. ऋषिराज खाली मान घालून उभा होता.

"ऋषी, ह्यात काय भरलं हुतंस?"

"डिझेल. एकदाच, अक्का. धुतला हुता मी."

तिने पेल्यातलं पाणी जमिनीवर ओतलं, बाटलीतले दोन घोट मुलीला दिले आणि म्हणाली, "गाडी फिरव."

जीप वळते न वळते तोच समोरून एक बाई पदर हलवत पळत आली. ती त्याच माळावरची तानूबाई. तिचे यजमान म्हस्कूतात्या थोडी शेती करत आणि थोडी मेंढरं राखत. ऋषिराज त्यांना चांगला ओळखत होता.

"थांबा रं बाबांनो! आमचं धनी पडल्यात. बोलंनात!"

म्हस्कूतात्या एका झुडपाशी आडवे झाले होते. चेहरा लालभडक, अंग भट्टीसारखं, घाम मुळीच नाही. हाक मारली तर नुसतं काहीतरी पुटपुटत. तानूबाईच्या कमरेची बाटली कधीच रिकामी झाली होती. मेंढरं घोळका करून, माना खाली घालून उभी होती.

राजेश्वरीने रुग्णवाहिकेचा एकशे आठ नंबर लावला. रेंज येईना. ऋषिराज फोन घेऊन जीपच्या टपावर चढला, हात उंच करून फिरला, आणि अखेर फोन लागला. त्याने ठिकाण सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"आधी सावलीत घ्या," पलीकडून डॉक्टरीण बोलत होती. "कपडे सैल करा. सगळ्या अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, थांबू नका. शुद्धीवर नीट येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. गाडी निघाली आहे, पण वेळ लागेल. पाणी आहे ना?"

ऋषिराजने माझ्याकडे पाहिलं. "एक कॅन हाय, म्याडम. पन... त्यात डिझेल हुतं मागं. वास येतोय. अंगावर चालंल का?"

मला वाटलं, संपलं. मी काठोकाठ भरलेला आणि तरी कोणाच्या कामाचा नाही.

"पाणीच आहे ना आता? मग अंगावर ओता. तोंडात आणि डोळ्यात जाऊ देऊ नका. जवळ काडी पेटवू नका."

ऋषिराजने मला उचललं तसं कधी कोणी उचललं नव्हतं. जीपच्या सावलीत तात्यांना आडवं केलं. त्याने माझी धार त्यांच्या छातीवर, बगलेत, मांड्यांवर धरली. राजेश्वरी ओली ओढणी तोंडापासून लांब ठेवून अंगभर फिरवत होती. तानूबाई पदराने वारा घालत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "उठा की वं." उत्कर्षा दोन्ही हातांनी तंबूची चटई हलवत होती. मी हलका होत चाललो होतो. मला भीती वाटत होती की मी संपेन आणि तात्या उठणारच नाहीत.

माझ्या तळाशी थोडंसंच पाणी उरलं होतं, तेव्हा त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आधी आकाश पाहिलं, मग तानूबाईला.

"मेंढरं कुठं हायती?"

तानूबाई हसायलाही लागली आणि रडायलाही. ते नीट बोलू लागल्यावर डॉक्टरांना विचारून बाटलीतलं चांगलं पाणी त्यांना थोडं थोडं दिलं. धुळीचा लोट उठला आणि गाडी आली. तात्यांना इंदापूरला नेलं. राजेश्वरी सोबत गेली. जाताना भावाला एवढंच म्हणाली, "तात्या वाचलं म्हून गप हाय मी. ह्यात डिझेल भरलं हुतं, त्ये मला आदीच सांगायचं हुतंस."

तात्या बरे होऊन घरी आले. मग जो तो मला पाहायला येऊ लागला. "ह्या कॅननं मानूस वाचवलं," लोक म्हणायचे. पण मित्रांनो, त्या कौतुकाने मला सुख झालं नाही. तहानलेल्या मुलीच्या ओठांपासून माझं पाणी परत गेलं होतं. त्या दिवशी अर्धी बाटली नसती, तर?

एके सकाळी म्हस्कूतात्या आणि तानूबाई घरी आले. चहा झाला. तात्यांनी मला प्रेमाने थोपटलं.

"ऋषिराज, ह्यो कॅन मला दे. रानात पान्याला हुईल. माझ्या नशिबाचा हाय."

'न्या' म्हटलं की काम संपत होतं. तात्या आनंदाने घेऊन गेले असते. ऋषिराजने राजेश्वरीकडे पाहिलं नाही. तो तात्यांसमोर उकिडवा बसला.

"न्हाय देत, तात्या. ह्यातलं पानी अंगावर चाललं, पोटात न्हाय चालायचं. माज्या आळसानं ह्यो नासलाय. तुमाला पिन्याला मी नवा आनतो."

तात्यांनी माझ्यावरचा हात मागे घेतला. मग मान हलवली. "बरं झालं बोललास."

राजेश्वरीने काळा रंग आणला आणि माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पिण्यासाठी नाही'. तानूबाई ते निरखून पाहत होती.

"काय लिव्हलंय? मला कुठं वाचता येतंय, बाई?"

राजेश्वरीचा ब्रश थांबला. मग उत्कर्षाने तो घेतला आणि अक्षरांखाली एक भला मोठा पेला काढला, त्यावर आडवी-उभी फुली मारली.

"आता कळलं," तानूबाई म्हणाली.

मित्रांनो, आता मी अंगणात असतो. माझ्या पाण्याने जीपची चाकं धुतात. पिण्याचं पाणी माझ्यात पुन्हा कधीच येणार नाही, आणि तेच बरोबर आहे. माझी एवढीच विनवणी आहे. आमच्यापैकी ज्याचं जे काम, ते त्यालाच द्या. चुकून बदललंत, तर धुऊन लपवू नका, बोलून टाका. आणि आमच्या अंगावर खूण करताना अशी करा, की जिला वाचता येत नाही ती तहानलेली बाईसुद्धा वेळेवर हात मागे घेईल.