शिवेवरच्या निंबातला खिळा

करवत अडली तेव्हा धुडकू मिस्तरीच्या तोंडून अशी शिवी निघाली की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनेही रवंथ थांबवलं असेल. तो लाकडी घोडीवर रचलेल्या ओंडक्यावर उभा होता आणि खाली आमशा डोळ्यांत भुसा जाऊ नये म्हणून मान वाकडी करून करवत ओढत होता. लोखंड लागलं होतं. सुताराला हे सांगावं लागत नाही, त्याच्या दातांनाच ते आधी कळतं.

करवतीचे दोन दात गेले होते. आखाजी, लेकी माहेरी येतात तो अक्षय्यतृतीयेचा सण, परवावर आली होती आणि हिंमतराव पाटलांच्या नव्या घराचं दार त्याच निंबाच्या फळ्यांचं व्हायचं होतं. हा निंब रनाळ्याच्या शिवेवर कोण जाणे किती वर्षं उभा होता. गेल्या पावसाळ्यात वादळाने आडवा केला आणि जमीन पाटलांची म्हणून झाडही पाटलांचं झालं. धुडकूने फणफणत पटाशी उचलली आणि लाकूड कोरायला घेतलं. आत लाकडाला निळसर काळा डाग पसरलेला होता आणि डागाच्या मधोमध गाडीच्या धावेला मारतात तसला जाड खिळा होता. करवतीने तो अर्धा कापला होता. धुडकूने पकडीने जोर लावून ओढला तसा तो मधोमध तुटला. अर्धा आला, मग दुसरा अर्धा आला, आणि डोक्याकडच्या अर्ध्यात ओवलेला भोकाचा पैसा ठणकन लाकडावर पडला.

धुडकूने तो बघताच ओळखला.

लढाईच्या दिवसांत हे भोकाचे पैसे नवे नवे निघाले होते. त्याच साली पावसाळ्यात गावात लहान लेकरं पटापट गेली. कुणाचं चार दिवसांचं, कुणाचं महिन्याचं. हिंमतराव आणि त्यांची बायको मंगला यांचा पहिला मुलगाही त्यातच गेला. बाळंतपणं सगळी तापीबाईच्या हातची. तीच गावची सुईण. विधवा, एकटी, पदरात एक मुलगी. मग आणखी काय पाहिजे? कुणीतरी डाकीण म्हटलं आणि गावाने री ओढली. डोंगरातून भगत आला. मारुतीच्या पारासमोर त्याने तापीबाईच्या मुठीत भोकाचा पैसा दिला, तिचे चार केस त्यात बांधले आणि सांगितलं की हिच्यातलं जे काही आहे ते मी शिवेवरच्या झाडात खिळून टाकतो. खिळा आत आहे तोवर बाई गावात राहील. खिळा निघाला तर तिला शिवेबाहेर काढा, नाहीतर गावाचं तुमचं तुम्ही बघा. धुडकू तेव्हा त्या गर्दीत उभा होता. त्याची दोन्ही मुलं तापीमायच्या हातावर जन्मलेली, तरी तो गप्प उभा होता. गर्दीत माणसाला तोंड नसतं.

भगताने खिळा एकट्याने जाऊन ठोकला. कोणतं झाड ते कुणाला सांगितलं नाही. तोही मेला, झाडाने खिळा गिळला, आणि सोळा वर्षं तापीबाई गावाच्या कडेच्या घरात राहिली. कुणी तिला हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

आता तो खिळा धुडकूच्या हातात होता. डोंगराकडच्या एका गावात असाच खिळा निघाला तेव्हा बाईला झोपडीतून ओढून काय केलं, ते धुडकूने बाजारात ऐकलेलं होतं. 

आमशा घोडीखालून बाहेर आला. तो मोलगीकडचा भिल्ल. दर उन्हाळ्यात धुडकूबरोबर करवतीला यायचा. त्याने पैसा पाहिला आणि हात मागे घेतले.

"मिस्तरी, हाऊ तापीमायना शे का?"

"कोना नही. तू तोंड बंद ठेव."

"आमना डोंगरमा ज्याना खिळा ऱ्हास, त्याले पहिले सांगतस. त्याना हक शे."

"आठे तुन्हा डोंगर नही," धुडकू खेकसला.

 माठातलं पाणी घेऊन आमशाने कोपरापर्यंत हात धुतले, डोक्याला फडकं बांधलं आणि गावाकडे चालू लागला. धुडकूने दोनदा हाक मारली. आता हा वाटेत कुणापाशी काय बोलेल, या विचाराने तो घोडीवरच बसून राहिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. खिळा विहिरीत टाकावा? पण फळीतला एवढा डाग कुठे टाकायचा? आणि सुतारकामाचा रिवाज असा, की लाकडात निघालेलं लोखंड लाकडाच्या मालकाचं. मालक मागणारच.

मालकच समोरून येत होते.

हिंमतरावांच्या चपलांचा आवाज धुडकूला ओळखू आला. त्याने खिळ्याचे तुकडे कमरेला खोचले. पैसा मात्र लाकडावरून घरंगळून खाली भुशात पडला होता. उडी मारून त्याने त्याच्यावर पाय ठेवला. तळव्याला तो गरम लागत होता आणि पाय उचलायची सोय नव्हती.

"व्हयनात का फळ्या?" पाटलांनी विचारलं.

"व्हई ऱ्हायन्यात, आबा."

पाटील ओंडक्याभोवती फिरले. कोरलेल्या खळग्यापाशी थांबले. डागावरून बोट फिरवून त्यांनी बोटाकडे पाहिलं.

"हाऊ काया डाग कसाना शे? लोखंड लागनं?"

नाही म्हणणं शक्य नव्हतं. पटाशीच्या खुणा समोर होत्या. धुडकूने पाय न हलवता शेजारच्या डब्यात हात घातला आणि एक गंजका जुना खिळा काढून पुढे केला. "म्हैस बांधाले कोन्ही ठोकेल व्हयी."

पाटलांनी खिळा घेतला. तळहातावर ठेवून ते कितीतरी वेळ बघत राहिले. "दुसरं काही नही निंघनं?"

"नही."

"ओवेल काही?"

"नही, आबा."

पाटलांनी धुडकूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे पाहिलं. धुडकूच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, पण तो पुसायला त्याने हात उचलला नाही. मुलगा गेला तेव्हा हाच माणूस पारावर डोकं आपटून रडला होता. आता तो हाक मारील, चार माणसं जमतील, आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

"ती फळी मन्हा घरमा नको," पाटील शेवटी म्हणाले. खिळा त्यांनी खिशात घातला. वळले, दोन पावलं गेले आणि पाठमोरेच बोलले, "मंगलाले सांगू नको. तिनं मन आजून त्या पोऱ्यामाच शे."

ते गेले. धुडकूने पाय उचलला आणि पैसा कमरेला खोचला. पाटलांना कळलं होतं आणि त्यांनी ते गिळलं होतं. सुटलो, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. मनातल्या मनात त्याने तापीमायलाही सांगून टाकलं की तूही सुटलीस. त्याला हसूसुद्धा आलं.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून तापीबाई आत आली. ऊन एवढं की कुत्रंही बाहेर नव्हतं, आणि ती अनवाणी आली होती. सोळा वर्षांत तिने कुणाच्या अंगणात पाय ठेवलेला धुडकूने पाहिला नव्हता.

"आमशानी सांगं. मन्हा खिळा निंघना म्हने."

"माय, कोन्हले सांगू नको. मी दडाई टाकस. पाटील आबा बी बोलाव नही. तू घर जाय."

"दडाऊ नको," ती म्हणाली. "परत ठोक."

धुडकूला आधी कळलंच नाही.

"चिचले ठोक, बाभूयले ठोक, दिसी त्या झाडले ठोक. पन उशीर करू नको. मन्ही अंडेर, मन्ही पोर, ई ऱ्हायनी नवापूरथीन. इतला वरीसमा मी तिले आखाजीले बलावं नही, आवंदा ती न बलावता ई ऱ्हायनी. कडीवर तान्हं लेकरू शे. ती येवाना आगोदर ठोक, तुन्हा पाय पडस."

ती खरंच वाकली. धुडकूने तिचे खांदे धरले. म्हातारी विनवत होती. गावाला भिऊन नव्हे, स्वतःला भिऊन.

"माय, आसं काही नही ऱ्हास. खिळामा काय शे?"

"तू भगत शे का? पोरे मन्हा हातवर मरनात. खिळा ठोका आनि मरानं थांबनं. तू बी दखं."

त्या साली पावसाळा संपला तसं मरणं थांबलं होतं, हे धुडकूला ठाऊक होतं. पण हे सांगून ऐकेल ती बाई सोळा वर्षं अशी राहिली असती का? तिला आता ठोकून दिला खिळा, तर ती मरेपर्यंत नातवाला हात लावणार नाही. धुडकूने कमरेचे दोन तुकडे काढले. तुटलेली टोकं ताजी होती, चकचकीत होती. ती त्याने अंगठ्याखाली झाकली आणि गंजलेली बाजू तिच्यासमोर धरली.

"दख. तुटेल शे."

"कव्हय तुटना?"

तासाभरापूर्वी, माझ्या पकडीत. हे त्याच्या जिभेवर आलं होतं.

"बहू वरीस व्हयनात, माय. झाड वाढस, खिळाले तोडी टाकस. मी मिस्तरी शे, माले कयस. ठोका त्याना दोन-तीन वरीसमाच तुटना व्हयी. तव्हयपासून तू सुटेलच शे. गावमा काय व्हयनं? काहीच नही."

स्वतःच्या अकलेचं धुडकूला कौतुक वाटलं. म्हातारीचा चेहरा आता सैल पडेल म्हणून तो वाट पाहू लागला.

"दोन-तीन वरीसमा?" तिने विचारलं.

"हा."

"नक्की?"

"नक्की, माय."

ती भुशात बसली. बोटांवर तिने वर्षं मोजली. मग बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसा.

"म्हंजे मन्ही अंडेरना पहिला बायंतपनना आगोदर. तो पोऱ्या पोटमा आडवा व्हता. जवाईनी माले लेवाले गाडी धाडी. पोर वरडी ऱ्हायनी म्हने, मायले आना, मायले आना. मी दार लाई घिदं. माले वाटनं, मन्हा हात लागी आनि लेकरू मरी. आडवा पोऱ्या माले फिरावता येस, धुडकू. कितला फिरायेल शेतस. तुन्हा मोठा आंडोर आडवाच व्हता."

धुडकूच्या अंगठ्याला तुटलेलं टोक रुतत होतं.

"तो तसाच मरना," ती म्हणाली. "आनि मी सुटेल व्हती."

खरं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. खिळा आज तुटला, माय, तेव्हा तो शाबूत होता, तू गेली नाहीस ते तुझ्या समजुतीने बरोबरच होतं. पण हे सांगितलं की ती पुन्हा म्हणणार, ठोक. त्याने तोंड मिटलं. एवढं हलकट मिटणं त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि दुसरं करण्यासारखं त्याला काही सुचत नव्हतं.

रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. तापीबाई उठली. पदर सारखा न करताच ती फाटकाबाहेर गेली आणि धुडकू तिच्यामागे कुंपणापर्यंत गेला. गाडी थांबली होती. मुलगी खाली उतरली, लेकरू छातीशी घट्ट धरून, आई हात लावेल की दार लावेल याचा अंदाज घेत. तापीबाईने हात पुढे केले. एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, अगदी सुईणीचा. लेकरू तिने क्षणभर धरलं, त्याच्या कपाळाला गाल लावला आणि परत मुलीच्या हातात दिलं. मग रस्त्यातल्या धुळीत बसून तिने मुलीचे दोन्ही पाय धरले आणि त्यावर डोकं ठेवलं.

"माय, काय करी ऱ्हायनी? ऊठ ना," मुलगी म्हणत होती. "काय व्हयनं? माय, ऊठ."

म्हातारी उठत नव्हती. मुलीने गोंधळून कुंपणाकडे पाहिलं आणि विचारलं, "धुडकूमामा, काय व्हयनं इले?"

"काही नही," धुडकू म्हणाला.