अंशुमनची खुर्ची

रघुवीररावांनी ओला कोट काढला आणि नेहमीसारखा शेजारच्या खुर्चीवर ठेवला. ब्रिस्टलच्या त्या भाड्याच्या चर्च हॉलमध्ये मराठी मंडळीची उपासना महिन्यातून एकदाच भरे, आणि ती खुर्ची त्यांच्या मुलाची, अंशुमनची होती. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी कोट उचला असं कुणी म्हटलं नव्हतं.

अपघात झाला त्या दिवशी त्याचा मित्र मिलिंद गाडी चालवत होता. मोटरवेवर त्याला डुलकी लागली. तो वाचला, अंशुमन गेला. अंत्यविधीला रघुवीरराव उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, मी मिलिंदला क्षमा केली आहे. लोक रडले. विश्वास असावा तर असा, असं अजूनही म्हणतात. लोकांचं काय, कौतुकाला पैसे पडत नाहीत. ते ऐकलं की रघुवीररावांना मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. रोज पहाटे गुडघे टेकून ते क्षमा करत आणि चहा उकळेपर्यंत ती पार विरून जाई. अशा माणसानं प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची ती भाकर, घेऊ नये, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. भाकरीचं ताट आलं की ते न शिवता पुढे देत.

दुसरं गीत चालू असताना दार वाजलं. शिक्षा भोगून सुटलेला मिलिंद आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पार वाळला होता. हॉलमध्ये दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. कुणी जागचं हललं नाही. मग रघुवीररावांच्या पत्नी मधुमतीबाई त्यांच्या पुढून वाकल्या आणि तो कोट उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

मिलिंद येऊन बसला.

प्रभुभोजनाला मधुमतीबाईंनी घरी भाजलेली एकच भाकर फिरे. आपला तुकडा आपण तोडायचा नाही, शेजाऱ्यानं तोडून द्यायचा, अशी या मंडळीची रीत होती. ताट रघुवीररावांच्या हातात आलं.

"काका, मी नाही घेत," मिलिंद खाली बघत म्हणाला. "प्लीज, पास इट ऑन."

रघुवीरराव भाकरीकडे बघत राहिले.

"मी तुला क्षमा केली म्हणालो होतो. ते खरं नव्हतं."

"आय नो, काका."

"आज सकाळी थोडी झाली होती. तुला बघितलं आणि गेली. उद्या परत करून बघेन."

त्यांनी भाकर तोडली. तुकडा वेडावाकडा निघाला. तो मिलिंदच्या हातावर ठेवून त्यांनी ताट त्याच्याकडे दिलं. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच आपला तळहात पुढे केला.

मिलिंदनं भीत भीत नखाएवढा तुकडा तोडून त्यावर ठेवला.

रघुवीररावांनी तो पाहिला. हात तसाच राहू दिला.

"अंशुमन मोठा तोडायचा," ते म्हणाले.