सिस्टरचं ताट

“आलं? ताट आलं?”

उन्नती सकाळपासून सहाव्यांदा जिन्याकडे पळाली. डोक्यावर शाळेत मिळालेली लाल टोपी, पायात चप्पल नाही. “पडशील गं!” मी स्वयंपाकघरातून ओरडले. दिवसातून पन्नासदा मी हेच ओरडते.

वाट होती सिस्टरच्या ताटाची. सिस्टर म्हणजे आमच्या घरमालकीण, वरच्या मजल्यावरच्या मधुवंतीबाई. तीस वर्षं नर्स होत्या. अजूनही वाडीतल्या आमच्या गल्लीत कोणाला ताप आला की पहिली हाक त्यांनाच. दिवाळीत आम्ही त्यांना फराळाचं ताट द्यायचं. रिकामं ताट परत करायचं नसतं, म्हणून त्यांनी ते नाताळापर्यंत ठेवायचं आणि पंचवीस तारखेच्या सकाळी करंज्या, चकल्या अन् केक भरून खाली पाठवायचं. आम्ही राहायला आलो तेव्हापासून हे कधी चुकलं नव्हतं.

आज दुपारचे तीन वाजले तरी ताट नव्हतं. आणि कारण मला माहीत होतं.

गेल्या नाताळच्या दुसऱ्याच दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. सासूबाई गावाहून आलेल्या. “घरात अंड्याचं नको,” म्हणत त्यांनी केक फाटकाशी उभ्या गाईपुढे टाकला. मी वर पाहिलं, तर सिस्टरच्या खिडकीचा पडदा हलला. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. उन्नतीच्या डेंग्यूत आठ दिवस तिच्या उशाशी येऊन बसल्या, तेव्हाही नाही. तो पडदा मात्र वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर हलत राहिला. यंदा सासूबाई परत आल्या होत्या, आणि ताट नव्हतं.

“आई, त्यांना मागच्या वर्षीचा राग असेल,” शेवटी मी बोलून टाकलं.

“राग कायचा वं! त्यायचे अनंतराव आगस्टात गेले नं? वर्षाच्या आत सण करते काय कोणी? अशा घरी आपण ताट न्या लागते. ऊठ मिनल, कणीक-रवा काढ.”

हे मला कसं सुचलं नाही! दोघींनी मिळून दोन तासांत करंज्या तळल्या. मग साध्या साड्या नेसलो. उन्नतीची टोपी काढून मी हातात घेतली. “मेरी क्रिसमस म्हणायचं नाही. हसायचं नाही. आजींना वाईट वाटेल.” तिचे ओठ थरथरले.

आम्ही दार वाजवायच्या आतच सिस्टरने उघडलं. पोपटी साडी, गालाला मैदा, आत करपल्याचा वास. आमच्याकडे पाहून त्या दचकल्या.

“काय झालं? कोण गेलं?”

“कोणी नाई,” सासूबाई गडबडल्या. “यंदा तुमच्या घरी सण नाई, म्हणून आम्हीच...”

“काहून नाही? बाळ जन्माले आलं त्या दिवशी दार लावून बसू? अनंतरावांनी मलेच रागावलं असतं!”

उन्नतीने माझ्या हातातली टोपी ओढून डोक्यावर घातली आणि “मेरी क्रिसमस!” म्हणत आत घुसली.

टेबलावर आमचं ताट भरलेलं होतं. फक्त मधे केकची जागा रिकामी. बाजूला तीन केक: एक बसलेला, एक काळा, एक गरम.

“ताट काहून अडलं, पाहा. दोन बिघडले. बिनअंड्याचा मी जन्मात केला नव्हता. दही टाकलं यंदा.” त्या सासूबाईंकडे वळल्या. “मागच्या वर्षीचा गाईले आवडला होता काय जी?”

मी हातातलं करंज्यांचं ताट घाईने टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी पदर सारखा केला. सिस्टर मात्र खळखळून हसत होत्या.

“आजही गुरुवारच आहे. पण मार्गशीर्ष सरला, मी कॅलेंडर पाहिलं. आता तुम्हीच खा.”

सासूबाईंनी उभ्याउभ्याच एक तुकडा मोडला. सावकाश चावला.

“खालून जरासा लागला हाये,” त्या म्हणाल्या. मग खाली पाहत, “गावी न्यायले एक तुकडा बांधून द्यान काय?”

उन्नतीने दोन हातांत दोन करंज्या धरल्या होत्या, एक आमची, एक त्यांची. “सारखीच आहे!”

“असनच. माझ्या आजोबांच्या गावात पहिला नाताळ झाला, तेव्हा केक कोणाले माहीत होता? दिवाळीचीच करंजी केली, दिवाळीचाच कंदील लावला. फक्त टोकं पाच केली, ताऱ्यासारखी. त्या ताऱ्यामागं चालत लोक बाळाले पाहायले आले होते नं.”

तारा अजून दिवाणावरच होता. बांबूच्या कामट्या जुन्या, पिवळा कागद नवा, एका टोकाला सुरकुती. “चिकटवला मीच. पण टांगायचं काम अनंतरावांचं होतं,” सिस्टर म्हणाल्या आणि ती सुरकुती बोटाने सपाट करू लागल्या.

मी स्टूल गॅलरीत नेलं. उन्नतीला ज्यावर कधी चढू देत नाही, त्या स्टुलावर मीच चढले. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पाय घट्ट धरले. “सांभाळून वं, पडशीन!”

तारा हातात फिरवताना कोणतं टोक वर, ते कळेना. मग आतल्या कामटीवर पेन्सिलीचं पुसट अक्षर दिसलं: ‘ही बाजू वर.’ शेजारी बाण.

मी ती बाजू वर केली.