कढीपत्त्याला घातलेलं पाणी

केडगावात चांगुणाच्या दारातला कढीपत्ता साऱ्या गल्लीला पुरून उरायचा. सासू केशरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला डहाळी मोडून द्यायच्या आणि वर "माझ्या हाताला गुन हाय" असं ऐकवायच्या. गुण हाताला नव्हता. चांगुणा रोज सकाळी नागापूरच्या कारखान्यात पाण्याची बाटली भरून न्यायची, संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून झाडाच्या बुंध्याशी ओतायची.

पॅकिंगला सगळ्या बायकाच. संडास मात्र एकच, पुरुषांच्या मशीनशॉपच्या पलीकडे, आणि त्याची किल्ली सुपरवायझरच्या खिशात. ती मागायची म्हणजे चारचौघांत हात पुढे करायचा, वर जेवढा वेळ जाईल तेवढा पगारातून कापून घ्यायचा. त्यापेक्षा पाणीच न प्यायलेलं बरं, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. नवी आलेली बाई आपोआप शहाणी व्हायची. शहाणपण कसलं, जळजळ आणि ताप अंगावर काढायचा, झालं.

चांगुणानंही ते काढलंच असतं. पण शेजारच्या टेबलावर सुमैरा होती आणि तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर प्या, नाहीतर बाळाला धोका आहे. सुमैरा मान हलवून आली आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या ओठांनी खोकी बांधायला बसली. नवऱ्याचं काम सुटलेलं, ही नोकरी सोडून तिचं चालणार नव्हतं. चांगुणाचा जीव त्या पोरीत अडकला.

म्हणून आमदार राजेश्वरीताईंनी कामगारांचा मेळावा घेतला, तेव्हा चांगुणा उभी राहिली. पगारवाढ, मशीनला नसलेली संरक्षक जाळी, रस्त्यातले खड्डे, सगळं पुरुषांनी तावातावानं सांगून झालं होतं. समोर ओळीनं बसलेली ती पुरुषांची डोकी पाहिली आणि चांगुणाच्या तोंडातला शब्द आत पळाला.

"ताई, आमा बायकांना पान्याचा लई तरास हाय," एवढंच बोलून ती खाली बसली.

राजेश्वरीताई शब्दाच्या पक्क्या. त्यांनी मालकाच्या मागे लागून पॅकिंगमध्ये थंड पाण्याचा कूलर बसवून घेतला. चांगला चकचकीत, वर हार घातलेला. चांगुणानं तो पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

उद्घाटनाला ताई स्वतः आल्या. मालक, सुपरवायझर, फोटोवाले, सगळे जमले. पहिला ग्लास भरून ताईंनी चांगुणाच्या हातात दिला.

"मागणी तुम्ही केलीत, पहिला मान तुमचा."

चांगुणा ग्लासाकडे बघत राहिली. आत्ता प्यायचं, आणि मग सुट्टी होईपर्यंत काय करायचं?

"आधी तुमी घ्या, ताई."

ताईंनी ग्लास ओठांना लावला आणि खाली ठेवला. पाणी होतं तेवढंच होतं. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण चांगुणाला बरोबर कळलं. पिण्याची ही नक्कल तीही जेवणाच्या सुट्टीत करायची. ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तुमी बी पीत न्हाई व्हय?"

ताई गोंधळल्या. मग तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत दौरा आहे. गावोगावी कुठं जाणार मी..."

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मग पोट सावरत उभ्या असलेल्या सुमैराकडे पाहिलं. चेहरा उतरला.

"अगं बाई. मला तरी हे कळायला हवं होतं."

फोटोवाल्यांना तिथंच थांबवून त्या चांगुणाबरोबर निघाल्या. मशीनशॉपमधल्या सगळ्या नजरांखालून कुलूप लावलेल्या दारापर्यंत गेल्या, किल्ली कुणाकडे असते ते चांगुणाला विचारून परत आल्या आणि सुपरवायझरसमोर हात पुढे केला.

"किल्ली," त्या म्हणाल्या.

सुपरवायझर खिसा चाचपत राहिला, त्याला मान वर करवेना. त्याच दिवशी ती किल्ली बायकांच्या टेबलाजवळच्या खिळ्यावर आली.

पुढच्या अधिवेशनात ताई बोलायला उभ्या राहिल्या, ते सगळ्याजणींनी सुमैराच्या मोबाईलवर पाहिलं.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या कारखान्यात बायका पाणी पीत नाहीत, कारण त्यांना लघवीला जायला जागा नाही."

कुणीतरी हसलं. ताई थांबल्या आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश म्हणाल्या. मग कुणी हसलं नाही. जो शब्द चांगुणाच्या तोंडून निघाला नव्हता, तो भर सभागृहात दोनदा बोलला गेला होता.

यथावकाश पॅकिंगच्या शेजारीच बायकांसाठी संडास बांधले गेले, आतून कडी असलेले. सुमैराला मुलगी झाली, ठणठणीत. तिचं नाव आयत ठेवलं.

आणि उन्हाळा लागल्यावर एका संध्याकाळी केशरबाईंनी चांगुणाला दारातच गाठलं.

"चांगुने, ह्या झाडाला काय झालं गं? पानं पिवळी पडल्यात."

चांगुणाच्या हातातली बाटली रिकामी होती. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता केशरबाई पायरीवर बसल्या. गल्लीभर वाटलेल्या डहाळ्या त्यांना आठवल्या असाव्यात.

"म्हंजी इतकी वर्सं ह्यानं माझ्या सुनंचं पानी पिलं."

त्या उठून आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. झाडाला घालतील असं चांगुणाला वाटलं, पण त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"आधी तू पी," केशरबाई म्हणाल्या. "उरलं तर त्याला."