दोन गावांच्या मधला दगड

मित्रांनो, सिद्धेश्वर धरणाच्या काठी, दोन गावांच्या शिवेवरचा मी एक जुना दगड आहे. डोंगरातून मला फोडून आणले, पाथरवटाने माझी एक बाजू गुळगुळीत केली आणि वाजतगाजत मला शिवेची खूण म्हणून रोवले. दोन्ही गावे मला मान देत. जत्रेचा नारळही माझ्यापाशीच फुटे.

मग एका वर्षी धरण तुडुंब भरले. लाटांनी पायाखालची माती नेली आणि मी उतारावरून घरंगळलो. माझी मूळ जागा कुणालाच आठवेना. पाणी ओसरले, की इथे काळ्या गाळाची सुपीक जमीन उघडी पडते. तिच्यावर दोन्ही गावे हक्क सांगू लागली. एका उन्हाळ्यात काठ्या चालल्या आणि पलीकडच्या गावातल्या प्रेमदासचा हात मोडला. येणेजाणे बंद झाले. अलीकडच्या गावच्या सरपंच रुक्माबाई. त्यांची लेक राणी पलीकडचे सरपंच शेषराव यांची सून. माहेर समोर दिसे, पण बाळंतपणालाही तिला येता आले नाही. माझ्याकडे तर कुणी फिरकेना.

यंदा रुक्माबाईंनी निरोप धाडला आणि शेषराव त्यांना भेटायला माझ्यापाशी आले.

"पुन्हा मोजणी करू," शेषराव म्हणाले.

"झाली की. तुमची आमी मानली न्हाई, आमची तुमी."

"मग कोर्टात जाऊ."

"निकालापर्यंत आपला नातू म्हातारा होईल. काहून एवढी तकलीफ?"

"अर्धी अर्धी करू."

"गाळ सगळा एकाच अंगाला साचतो. कशी करता?" रुक्माबाई म्हणाल्या. "हक्क तुमी सोडू नका, आमी बी सोडत न्हाई. पण मिळून पेरू, पीक वाटून घेऊ. शिवेचं बोलणं चालू ठेवू."

"प्रेमदासला काय सांगू?" शेषराव म्हणाले. " हात त्याचा मोडला."

"मी येते त्याच्या घरी. माफी मीच मागते."

त्या खरेच गेल्या. प्रेमदास आधी दारातून हलेना. मग त्याने बायकोला चहा ठेवायला सांगितला, असे नंतर पेरणीला आलेल्या बायकांकडून मी ऐकले.

आता दोन्ही गावे एकत्र राबतात. शीव विचारायला कुणी येत नाही. परवा राणी लेकराला कडेवर घेऊन मला ओलांडून माहेरी गेली. तिने खाली पाहिलेही नाही. मला बरे वाटले, आणि वाईटही.

मित्रांनो, भांडा हवे तर, पण बोलणे तोडू नका. कधी इकडे आलात, तर घटकाभर माझ्यापाशी टेका. पावसाळ्यात पाणी चढले, की मी बुडून जाईन. तिथे कुणाचाच आवाज पोहोचत नाही.